जुना एसी विकायचा असेल तर तो भिंतीवर असतानाच विका

घर बदलताना किंवा नवा एसी घेताना जुन्याची विल्हेवाट लावायची वेळ आली की बहुतेक घरांत कामाचा क्रम उलटा लागतो. आधी मेकॅनिकला बोलावून एसी उतरवला जातो, इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही युनिटे गॅलरीत किंवा जिन्याखाली ठेवली जातात आणि त्यानंतर फोटो काढून जाहिरात टाकली जाते. तिथून पुढे किंमत ठरवणे विकणाऱ्याच्या हातात राहत नाही, कारण जोडणी सुटलेला स्प्लिट एसी चालतो की नाही हे कोणालाच दाखवता येत नाही. येणारा माणूस गॅस गेला असेल, कॉम्प्रेसर बसला असेल, पीसीबी (यंत्र नियंत्रित करणारा सर्किट बोर्ड) जळाला असेल असे सगळे गृहीत धरून भाव करतो आणि सौदा भंगाराच्या दराला जाऊन टेकतो. पुढे दिलेला क्रम मुख्यतः घरगुती स्प्लिट एसीसाठी आहे. विंडो एसी, कूलर आणि गिझर यांच्याबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

## टप्पा १ : विक्रीची वेळ ठरवणे

महाराष्ट्रात जुन्या एसीला खरी मागणी महाशिवरात्रीच्या सुमारास सुरू होते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकते. मे महिन्याच्या अखेरीस उकाडा सर्वांत जास्त असला तरी तो काळ विकणाऱ्याच्या सोयीचा नसतो. मुलांच्या शाळा सुरू होण्याआधी घरे बदलणारी, बदलीच्या गावी निघालेली कुटुंबे नेमकी त्याच वेळी सामान काढतात आणि बाजारात एकदम माल वाढतो. पहिला पाऊस पडला की गिऱ्हाईक फोनही उचलत नाही. त्यामुळे मे महिन्यात घर सोडायचे असेल तर जाहिरात मार्च महिन्यात टाकावी आणि एसीचा ताबा कोणत्या तारखेला मिळेल ते तिच्यात स्पष्ट लिहावे. गरज असणारा माणूस तोपर्यंत थांबायला तयार असतो, निम्मा इसारही देतो.

विक्री पावसाळ्यातच करावी लागणार असेल तर वैयक्तिक गिऱ्हाइकाच्या मागे न लागता जुन्या एसीचा व्यापार करणाऱ्या दुकानदाराला विचारावे. तो उन्हाळ्यासाठी माल साठवून ठेवतो. भाव कमी मिळतो, पण मिळतो.

## टप्पा २ : यंत्राची माहिती एका कागदावर आणणे

आउटडोअर युनिटच्या बाजूला चिकटवलेली माहितीपट्टी मोबाइलवर स्पष्ट टिपून घ्यावी. इनडोअर युनिटवरही अशीच पट्टी असते. दोन्हींवरून मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष, गॅसचा प्रकार आणि गॅसचे ग्रॅममधील वजन उतरवून घ्यावे. पुनर्विक्रीच्या किमतीवर तीन गोष्टींचा सर्वांत जास्त परिणाम होतो.

पहिली गोष्ट गॅस. पट्टीवर आर-२२ असेल तर यंत्र कितीही थंड हवा देत असले तरी त्याची किंमत खाली धरावी लागते. ओझोन थराला घातक असलेला हा गॅस मॉन्ट्रियल कराराच्या वेळापत्रकानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि २०३० नंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरताच अत्यल्प साठा उरणार आहे. जाणकार गिऱ्हाईक हे जाणतो. आर-४१०ए मधल्या पिढीचा गॅस आहे, तर आर-३२ सध्या सर्वत्र चालतो आणि तो भरणारा मेकॅनिक गल्लोगल्ली मिळतो. आर-२९० असेल तर तो प्रोपेन, म्हणजे सहज पेट घेणारा वायू असल्याने त्याचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाशिवाय कोणालाही हात लावू देऊ नये.

दुसरी गोष्ट स्टार लेबल. त्यावरचे तारे मोजून थांबू नये, लेबलवर छापलेला कालावधी वाचावा. ऊर्जा दक्षता ब्युरो हे निकष वेळोवेळी कडक करतो. २०१८ च्या निकषांनुसार स्प्लिट एसीला पाच तारे मिळवण्यासाठी आयएसईईआर (खर्च झालेल्या विजेच्या तुलनेत मिळणाऱ्या थंडाव्याचे हंगामी माप) ४.५ पुरेसा होता. जुलै २०२२ पासून त्याच पाच ताऱ्यांसाठी किमान ५ लागू लागला. म्हणजे ४.५ आकड्याचा २०१९ सालचा पंचतारांकित एसी २०२३ च्या तक्त्यात चार ताऱ्यांवर येतो. जाहिरातीत तारे आणि आयएसईईआरचा आकडा दोन्ही लिहिले तर वाद राहत नाही.

तिसरी गोष्ट कॉइल, म्हणजे गॅस ज्यातून फिरतो ते नळ्यांचे जाळे. तांब्याच्या कॉइलची दुरुस्ती सोपी असते, त्यामुळे तिला जुन्या बाजारात पसंती असते. मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीच्या पावत्या सापडल्या तर एका पाकिटात ठेवाव्यात. कॉम्प्रेसरची वॉरंटी शिल्लक असेल तर ती दुसऱ्या मालकाला मिळते का, हे अनुक्रमांक सांगून कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारावे. उत्तर मिळण्यापूर्वी वॉरंटी आहे असे कोणालाही सांगू नये.

तपासणी : इनडोअर आणि आउटडोअरचे मॉडेल एकाच जोडीचे आहेत ना? मधल्या काळात एखादे युनिट बदलले गेले असेल तर ते आधीच सांगावे लागेल.

## टप्पा ३ : घरच्या घरी चाचणी

या चाचणीचा उद्देश गिऱ्हाइकाने दोष शोधण्याआधी तो आपल्याला माहीत असावा एवढाच आहे. जाळ्या धुऊन, दारे-खिडक्या बंद करून एसी कूल मोडवर, १६ अंशांवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवून चालू करावा. इन्व्हर्टर एसीत टर्बो बटण असल्यास ते दाबावे, अन्यथा कॉम्प्रेसर मंद वेगाने चालतो आणि तापमानाचा आकडा फसवा येतो.

पंधरा-वीस मिनिटांनंतर साधा डिजिटल तापमापक आधी वरच्या जाळीजवळ, जिथून हवा आत जाते तिथे, आणि मग खालच्या झडपांपाशी, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या पट्ट्यांपाशी, धरावा. दोन्हींतला फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असेल तर यंत्र ठीक आहे. दमट हवेत तो खालच्या टोकाकडे राहतो, विदर्भातल्या कोरड्या हवेत वर जातो. फरक पाच-सहा अंशांवर अडकला असेल तर गॅस कमी आहे किंवा कॉइल घाणीने भरली आहे.

नंतर आउटडोअर युनिटपाशी जाऊन पाइप जिथे जोडलेले असतात त्या पितळी नटांकडे टॉर्च लावून पाहावे. नटाभोवती धूळ चिकटून तेलकट काळा वर्तुळाकार डाग झाला असेल तर तिथून गॅस झिरपतो आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर येते. बारीक पाइपवर पांढरे बर्फ धरले असेल तर तेही गॅस कमी असल्याचेच लक्षण आहे. जाड पाइप गार आणि घामेजलेला असणे मात्र योग्य आहे. ड्रेन पाइपमधून पाणी नियमित ठिबकत असेल आणि इनडोअरच्या खाली भिंतीवर ओल नसेल तर तो भाग निभावला.

समुद्राकाठच्या गावांत, म्हणजे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर, आउटडोअरच्या मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्या बोट फिरवताच भुग्यासारख्या गळतात का ते पाहावे. खाडीकाठच्या आणि उघड्या नाल्यालगतच्या इमारतींत, नवी मुंबईत हा अनुभव नवा नाही, सांडपाण्याच्या वायूमुळे तांब्याच्या कॉइलला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि दर वर्षी गॅस भरावा लागतो. असा इतिहास असेल तर तो लपवणे निरर्थक आहे. त्याच भागातला गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारेल.

इशारा : आउटडोअर युनिट डक्टमध्ये किंवा खिडकीबाहेर लटकते असेल तर वाकून पाहू नये. मोबाइल काठीला लावून चित्रफीत काढावी किंवा मेकॅनिक येईल तेव्हा पाहून घ्यावे.

## टप्पा ४ : कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही

विक्रीपूर्वी वॉटर सर्व्हिस करून घेणे हा जवळजवळ नेहमी वसूल होणारा खर्च आहे. इनडोअरची कॉइल, ब्लोअरच्या पात्या आणि पाण्याचा ट्रे धुतला की कुबट वास जातो, आणि वास गेला की निम्मा आक्षेप जातो. धुताना पीसीबीचा भाग प्लास्टिकने झाकला आहे ना याकडे उभे राहून लक्ष द्यावे. फुटलेली झडप, हरवलेला रिमोट, कुरतडलेले पाइपवरचे आवरण यांवरचा थोडा खर्चही योग्य आहे.

गॅस भरून घेणे मात्र बहुतेक वेळा चुकते. गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नाही. तो कमी झाला याचा अर्थ गळती आहे, आणि गळती न काढता दोन-अडीच हजार रुपये घालून भरलेला गॅस नव्या मालकाकडे महिनाभरात निघून जातो. मग फोन येतात, सोसायटीच्या ग्रुपवर नाव निघते. गळती नटापाशी असेल तर नट सोडवून, पाइपचे तोंड पुन्हा फ्लेअर करून (कर्ण्यासारखे पसरवून), दाब धरतो का ते तपासून मगच गॅस भरावा. गळती कॉइलमध्ये असेल तर खर्च न करता दोष सांगून कमी किमतीला विकावे. इन्व्हर्टरच्या पीसीबीचेही तेच. जुना पीसीबी बदलून विकण्यात नफा क्वचितच उरतो, दोष सांगून मेकॅनिकला विकण्यात डोकेदुखी तरी उरत नाही.

आउटडोअर युनिटला रंग तर मुळीच देऊ नये. ताजा रंग दिसला की त्याखाली गंज आहे हे पारखी माणूस न खरवडता ओळखतो.

## टप्पा ५ : किंमत ठरवणे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण प्रत्येक जण आपण मोजलेल्या किमतीपासून सुरुवात करतो. पाच वर्षांपूर्वी ४२,००० रुपये दिले होते, तेव्हा आता निम्मे तरी यायला हवेत, असा तो हिशेब असतो. गिऱ्हाइकाला त्या ४२,००० शी काही देणेघेणे नसते. तो आज तेवढ्याच टनाचा, तेवढ्याच ताऱ्यांचा नवा एसी कितीला मिळतो हे पाहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्याची किंमत उतरली, आणि तिच्यापाठोपाठ जुन्याची पायरीही एक घर खाली आली. जुन्या जाहिरातींतले भाव पाहून आकडा लावणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

हिशेब पुढील क्रमाने करावा. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या गावचे दर घालावेत.

१. आजच्या नव्या तुल्य एसीची दुकानातली प्रत्यक्ष किंमत घ्यावी. समजा ती ३६,००० रुपये आहे. छापील कमाल किंमत घेऊ नये.

२. यंत्राचे उपयुक्त आयुष्य दहा वर्षे धरून उरलेल्या वर्षांचा हिस्सा काढावा. पाच वर्षांचा एसी असेल तर १८,००० रुपये. किनारपट्टीवर आयुष्य सात-आठ वर्षेच धरणे प्रामाणिकपणाचे होईल.

३. जुना घेतल्यामुळे गिऱ्हाइकाला जो जादा खर्च येणार तो वजा करावा. उतरवणावळ ८००, टेम्पो ७००, गॅससाठी राखीव २,५००, असे ४,००० गेले की १४,००० उरतात. नव्या जागी बसवण्याचा खर्च इथे वजा करू नये, कारण तो नव्या एसीलाही येतोच. घासाघीस करणारा हमखास तो मध्ये आणतो, तेव्हा हे उत्तर तयार ठेवावे.

४. वॉरंटी नाही म्हणून पाचवा हिस्सा कमी करावा. राहिले ११,२००. हा अपेक्षित सौदा. जाहिरातीत १२,५०० लिहावे आणि १०,००० च्या खाली जायचे नाही असे मनाशी ठरवावे.

५. शेवटी दोन भंगारवाल्यांकडून आणि एका जुना माल घेणाऱ्या मेकॅनिककडून भाव काढावा. तांबे, ॲल्युमिनियम आणि कॉम्प्रेसर यांमुळे मृत एसीलाही काही किंमत असते. वरचा हिशेब या तळापेक्षा खाली येत असेल तर जाहिरातीचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

दुकानाच्या एक्सचेंज योजनेशी तुलना करताना फसगत होते. जुन्याचे ५,००० मिळतात असे सांगितले जाते, पण एक्सचेंजशिवाय तोच नवा एसी कितीला देणार हे आधी वेगळे विचारावे. दोन्ही किमतींतला फरक ही तुमच्या जुन्याची खरी किंमत. उतरवण्याचे पैसे कोण देणार हेही त्याच बैठकीत ठरवावे.

तपासणी : आपला हिशेब नव्याच्या आजच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा वर जात असेल आणि एसी तीन वर्षांहून जुना असेल, तर हिशेबात कुठेतरी माया शिरली आहे.

## टप्पा ६ : जाहिरात

जाहिरातीत एसी भिंतीवर लावलेला दिसला पाहिजे. इनडोअरचा समोरून एक, आउटडोअरचा एक, दोन्ही माहितीपट्ट्यांचा आणि स्टार लेबलचा एकेक असे फोटो आणि तापमापक झडपेपाशी धरलेली छोटी चित्रफीत पुरेशी होते. अनुक्रमांकाचे शेवटचे काही आकडे झाकावेत. मजकुरात टन, गॅस, उत्पादनाचे वर्ष, आयएसईईआर, कॉइल, माहीत असलेले दोष आणि सोबत काय काय मिळेल हे लिहावे.

सोबत काय मिळेल, हे स्पष्ट न लिहिल्याने शेवटच्या दिवशी भांडणे होतात. तांब्याचे पाइप, स्टॅबिलायझर, आउटडोअरचा लोखंडी स्टँड, दोन युनिटांमधली वायर आणि इनडोअर ज्यावर टांगलेले असते ती पत्र्याची प्लेट यांतली प्रत्येक वस्तू देणार की नाही ते लिहावे. पाइप भिंतीत चिणलेले असतील तर ते मिळणार नाहीत असे सांगावे. जुन्या आर-२२ यंत्राचे पाइप आर-३२ किंवा आर-४१०ए च्या यंत्राला लावू नयेत. नव्या गॅसचा दाब साधारण दीडपटीहून अधिक असतो आणि कॉम्प्रेसरचे तेलही वेगळे असते. म्हणून आपल्याच नव्या एसीसाठी ते वाचवून ठेवण्याचा मोह टाळावा.

पहिले गिऱ्हाईक सोसायटीच्या ग्रुपवर, कार्यालयात आणि आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे शोधावे. ओएलएक्ससारख्या ठिकाणी मग जावे. त्याच इमारतीतला गिऱ्हाईक मिळाला तर टेम्पोचा खर्च वाचतो आणि तेवढी किंमत वाढवून मागता येते.

इशारा : एसी न पाहताच पूर्ण पैसे पाठवतो म्हणणारा आणि त्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस ठग असतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

## टप्पा ७ : चालू दाखवणे आणि इसार

गिऱ्हाईक येण्यापूर्वी एसी बंद ठेवावा. आधीच गार करून ठेवलेली खोली संशय वाढवते. त्याच्यासमोर चालू करावा, आउटडोअर सुरू झाल्याचा आवाज ऐकू द्यावा, तापमापक त्याच्या हातात द्यावा. त्याचा मेकॅनिक सोबत असेल आणि त्याला क्लॅम्प मीटरने वीजप्रवाह मोजायचा असेल तर मोजू द्यावा. माहितीपट्टीवरच्या ॲम्पिअरशी तो पडताळता येतो. गेज (गॅसचा दाब मोजणारे उपकरण) लावण्याचा आग्रह मात्र सौदा ठरण्याआधी मान्य करू नये, कारण गेज लावताना-काढताना प्रत्येक वेळी थोडा गॅस जातो आणि निष्काळजी हाताने गॅसच्या व्हॉल्व्हची पिन खराब होते.

भाव ठरला की इसार घ्यावा आणि मोबाइलवर एक संदेश पाठवावा. त्यात ठरलेली किंमत, मिळालेला इसार, उरलेली रक्कम कधी देणार, उतरवणावळ कोणाची आणि उतरवण्याची तारीख या पाच गोष्टी असाव्यात. समोरच्याचे होकारार्थी उत्तर आल्यावरच मेकॅनिकला वेळ द्यावी.

## टप्पा ८ : उतरवणे

एसी शक्यतो गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने, गिऱ्हाइकासमोर उतरवावा. तोच नव्या जागी बसवणार असेल तर पुढच्या तक्रारींची जबाबदारीही त्याच्याकडेच राहते. तरी काम कोणत्या क्रमाने व्हायला हवे हे घरमालकाला ठाऊक असावे, कारण घाईत असलेला मेकॅनिक पाइप कापून गॅस हवेत सोडतो आणि पाच मिनिटांत काम उरकतो. त्या पाच मिनिटांत गिऱ्हाइकाचे अडीच हजार रुपये उडतात, आणि ते तो तुमच्या उरलेल्या रकमेतून कापू पाहतो.

१. सुटे करण्याआधी दोन्ही बाजूंच्या वायरींच्या जोडणीचा रंगांसह फोटो काढावा. इन्व्हर्टर एसीत दोन युनिटांमध्ये संदेश वाहणारी एक वायर असते. ती पुन्हा लावताना चुकली तर चांगला पीसीबी जळू शकतो.

२. एसी कूल मोडवर सर्वांत कमी तापमानाला दहा मिनिटे चालवावा. हवा थंड असल्याने कॉम्प्रेसर सुरू होत नसेल तर इनडोअरच्या पुढच्या झाकणाखाली असलेले सक्तीच्या कूलिंगचे बटण वापरावे.

३. आउटडोअरच्या जाड पाइपाजवळच्या सर्व्हिस पोर्टला गेज लावावा. पाइपांवरच्या दोन्ही झडपांची (व्हॉल्व्हची) पितळी टोपणे काढून बारीक पाइपाची झडप ॲलन कीने पूर्ण बंद करावी. आता कॉम्प्रेसर सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊ लागतो. यालाच पंप डाउन म्हणतात.

४. गेजचा काटा शून्याच्या किंचित वर आला की जाड पाइपाची झडप लगेच बंद करावी आणि त्याच क्षणी वीज तोडावी. काटा शून्याखाली जाऊ देऊ नये.

५. एमसीबी बंद करून मगच वायरी सोडवाव्यात. पाइप कटरने न कापता पान्याने नट सोडवावेत. चारही पितळी नट आणि दोन्ही टोपणे पिशवीत घालून आउटडोअरला बांधावीत.

६. पाइपांची, इनडोअरच्या नळ्यांची आणि आउटडोअरच्या झडपांची उघडी तोंडे टोपणांनी किंवा चिकटपट्टीने पक्की बंद करावीत. कोकणातल्या दमट हवेत उघडी राहिलेली कॉइल एका रात्रीत ओलावा धरते. मुंग्या आणि झुरळेही शिरतात.

७. भिंतीवरची प्लेट काढून घ्यावी. ती मागे राहण्याचे प्रमाण आश्चर्यकारक आहे, आणि त्या मॉडेलची प्लेट सुटी मिळवताना नव्या मालकाची दमछाक होते.

इशारा : जोडणीत गळती असताना पंप डाउन करू नये. गळतीतून हवा आत ओढली गेली तर तेल, गॅस आणि हवा यांच्या मिश्रणावर दाब पडून कॉम्प्रेसर फुटू शकतो. कॉम्प्रेसर बंदच पडलेला असेल तर गॅस रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घेण्यास सांगावे. आर-३२ हाही पेट घेऊ शकणारा वायू आहे, तेव्हा जवळ विडी, काडी, गॅसची शेगडी नको.

इशारा : बाहेर उतरणाऱ्या माणसाने कमरेला सुरक्षा पट्टा बांधला नसेल आणि तो इमारतीच्या पक्क्या भागाला अडकवला नसेल तर काम थांबवावे. खिडकीच्या ग्रिलला बांधलेला दोर म्हणजे पट्टा नव्हे.

आउटडोअर नेताना उभाच ठेवावा. आडवा न्यावा लागला तर बसवल्यानंतर काही तास उभा राहू देऊन मगच चालू करावा, म्हणजे तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरते. नव्या जागी पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावूनच झडपा उघडाव्यात, असे गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे. थोडा गॅस सोडून पाइपातली हवा काढण्याची जुनी पद्धत आता चालत नाही. सोसायटीत सामान बाहेर नेण्यासाठी गेट पास लागत असेल तर तो आदल्या दिवशीच घ्यावा. रखवालदाराने फाटकाशी अडवलेला टेम्पो थांबल्याचे पैसे मागतो.

## टप्पा ९ : उरलेले पैसे आणि पावती

उरलेली रक्कम पंप डाउन होण्यापूर्वी, एसी चालू असतानाच घ्यावी. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरू नये, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी. साध्या कागदावर दोन प्रतींत पावती करावी. तिच्यात दोन्ही युनिटांचे मॉडेल व अनुक्रमांक, किंमत, तारीख, सांगितलेले दोष आणि चालू स्थितीत पाहून आहे तसा घेतला हे वाक्य असावे. मूळ बिलाची छायाप्रत देताना त्यावरचा आपला मोबाइल क्रमांक व पत्ता झाकावा. वॉरंटीसाठी मूळ बिल द्यावेच लागणार असेल तर त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

एसी वायफायचा असेल तर आपल्या ॲपमधून तो काढून टाकावा. हे विसरले तर नव्या मालकाला तो आपल्या ॲपला जोडताना अडचण येते, आणि तुमच्या फोनवरून त्याच्या बेडरूमचा एसी बंद होऊ शकतो.

## विंडो एसी, कूलर, गिझर

विंडो एसीत गॅसची जोडणी सोडवावी लागत नाही, त्यामुळे तो उतरवल्यावरही प्लग लावून चालू दाखवता येतो. उतरवल्याने त्याचे मोल फारसे घटत नाही. मात्र खिडकीतून काढताना मागचा जड भाग झुकतो, म्हणून दोन माणसे हवीत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या कूलरची किंमत तळाशी ठरते. टाकीच्या कोपऱ्यात गंजाची भोके असतील तर त्यावर एम-सील थापून विकण्यापेक्षा मोटार आणि पंप सुटे विकलेले बरे. मोटारीची वाइंडिंग तांब्याची आहे का, हे विचारले जातेच. वाळ्याच्या ताट्या नव्या घालून दाखवण्याची गरज नसते, कारण त्या गिऱ्हाईक दर उन्हाळ्यात बदलतोच. हनीकोंब पॅड असतील तर त्यांवर क्षारांचा पांढरा थर किती आहे ते पाहून भाव होतो. कूलर होळीच्या आधी काढावा.

साठवणुकीच्या गिझरमध्ये टाकी हेच सर्वस्व आहे. हीटिंग एलिमेंट, थर्मोस्टॅट, सेफ्टी व्हॉल्व्ह हे भाग बदलता येतात, टाकी गळू लागली की तो भंगार झाला. बोअरच्या जड पाण्यावर चालवलेला गिझर विकण्यापूर्वी आतला मॅग्नेशियमचा रॉड काढून पाहावा. तो झिजून तार उरली असेल तर नवा बसवावा, खर्च थोडा असतो आणि टाकी पुढे टिकते. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर विकण्यात मिळकत इतकी किरकोळ असते की तो घरकाम करणाऱ्या ताईंना किंवा गावाकडच्या नातेवाइकांना देऊन टाकणे सोपे पडते.

जुना गॅस गिझर मात्र कोणालाही विकू नये आणि फुकटही देऊ नये. बंद न्हाणीघरात त्याच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात, या वायूला वास नसतो, आणि घेणारा तो कुठे बसवणार यावर आपले काहीच नियंत्रण राहत नाही. रेग्युलेटर व नळी काढून घ्यावी, बर्नर सुटा करून वाकवावा आणि मगच तो भंगारात किंवा ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलन केंद्रात द्यावा.